एका इमारतीचीं दोन नांवें

मासिकाच्या पानांतून पुस्तकांचें परीक्षण करण्याची वहिवाट आहे. इमारतीचें परीक्षण करण्याची नाहीं. तथापि ज्या कारणांसाठीं आपण एकाद्या ग्रंथाकडे चिकित्सक दृष्टीनें पाहतों, तीं बहुतेक सर्व कारणें सार्वजनिक इमारतीसही लागू पडतात. किंबहुना कांहीं अधिकच. ग्रंथ न आवडल्यास तो मिटून ठेवतां येतो; भर वस्तींत उभी केलेली इमारत मिटून ठेवतां येत नाहीं. ग्रंथाची किंमत जो विकत घेतो तोच देतो. सार्वजनिक इमारतीची किंमत, तिची पायरीही न चढणाऱ्या माणसाकडून, करांच्या रूपानें आधींच वसूल झालेली असते. आणि ग्रंथास जशी प्रस्तावना असते तशी इमारतीसही असते. ती दर्शनी भिंतीवर कोरलेली नसते. जुन्या सभांच्या कामकाजांत, त्या वेळच्या वादांत आणि अर्जांत ती शोधावी लागते. ही प्रस्तावना वाचल्याशिवाय इमारतीवर मत देणें म्हणजे पुठ्ठा पाहून पुस्तकाची समीक्षा करण्यासारखें आहे.

पुण्याची मंडई ही अशी प्रस्तावना असलेली इमारत आहे. तिला दोन नांवें मिळालीं. पहिलें, १८८६ सालीं ती खुली झाली तेव्हांचें, मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें: रे मार्केट. दुसरें, सुमारें अर्ध्या शतकानंतर मिळालेलें व आज सर्वांच्या तोंडीं असलेलें: महात्मा फुले मंडई. हीं दोन नांवें एकापुढें एक वाचलीं म्हणजे परकी गव्हर्नराचें नांव जाऊन स्वकीय महापुरुषाचा गौरव झाला, अशी एक सरळ गोष्ट दिसते. गोष्ट इतकी सरळ नाहीं. ज्या महात्म्याचें नांव आज या इमारतीस आहे, त्यानेंच ती बांधण्यास म्युनिसिपालिटींत विरोध केला होता. ही विसंगति कोणी लपवून ठेवलेली नाहीं; जोतीराव फुले यांच्या चरित्रांतून ती नमूद आहे. पण ती सांगितली जाते ती बहुधा एक चुटका म्हणून, आणि ऐकणारा हंसून पुढें जातो. आमच्या मतें या इमारतीचें खरें मर्म त्या विसंगतींतच आहे, आणि म्हणून ती अशी थट्टेवारी नेणें बरें नव्हे.

प्रथम इमारतीकडेच पाहूं. शुक्रवार पेठेंत, तुळशीबागेपासून चार पावलांवर ती उभी आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा, आणि त्याच्यापासून आठ दिशांस पसरलेले आठ लांब सोपे, अशी तिची मूळ रचना. बांधणी दगडाची, कमानी निमुळत्या, माथ्यावर टोकदार शिखर. युरोपांत ज्या पद्धतीस गॉथिक म्हणतात आणि जी तिकडे मुख्यतः प्रार्थनामंदिरांच्या कामीं वाढली, ती येथें भाजीबाजाराच्या कामीं लावलेली आहे. नकाशा कर्नल वॉल्टर ड्यूकॅट या लष्करी इंजिनियराचा; बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचें. खर्च सुमारें ३ लाख रुपये. मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट यापूर्वीं, १८६९ सालीं, पुरें झालें होतें. इलाख्याच्या राजधानींत जें झालें तें पेशव्यांच्या जुन्या राजधानींतही व्हावें, असें पुण्याच्या कारभाऱ्यांस वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं.

या रचनेचे गुण मोकळ्या मनानें कबूल केले पाहिजेत. आठही सोपे एकाच मध्याशीं येऊन मिळत असल्यामुळें गिऱ्हाईक कोणत्याही बाजूनें शिरलें तरी वाट चुकत नाहीं. सोपे एकमेकांपासून फांकलेले असल्यामुळें वारा आणि उजेड दोन्ही बाजूंनीं येतो. आणि ज्या मालाचें आयुष्य एका दिवसाचें, त्या पालेभाजीस डोक्यावर सांवली मिळते. शिवाय एक गोष्ट अशी आहे कीं ती कोणाच्या मनांत होती कीं आपोआप साधली हें सांगणें कठीण. गाळे उंच असल्यामुळें माळवें विकणारी बाई ढिगाच्या वर बसते, आणि पिशवी घेऊन आलेले रावसाहेब खालीं उभे राहून, मान वर करून तिला भाव विचारतात. पुण्यासारख्या शहरांत कोणी उंचावर बसावें व कोणी खालीं उभें राहावें याचे नियम पिढ्यान् पिढ्या किती कडक होते हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या देखाव्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

दोष दाखवावयाचा तर तो मनोऱ्याचा. सोपे बाजाराचे आहेत. मनोरा बाजाराचा नाहीं. कांदे, बटाटे, कोथिंबीर यांस शिखराची गरज नसते. पुढें कांहीं काळ म्युनिसिपालिटीच्या कचेरीस या इमारतीनें जागा दिली, आणि तेवढ्यापुरता वरच्या भागाचा उपयोग झाला हें खरें. परंतु मनोऱ्याचें मुख्य काम दुरून दिसणें हेंच होतें. तो दुरून दिसतोही. त्याच्याकडे पाहून शहराच्या वैभवाची कल्पना येते असें म्हणणारे पुष्कळ आहेत. येथेंच परीक्षकास प्रश्न विचारावा लागतो, कीं हें वैभव कोणाचें, आणि त्याचे पैसे कोणीं दिले?

या प्रश्नाचें उत्तर प्रस्तावनेंत सांपडतें. पुण्याची म्युनिसिपालिटी १८५७ सालीं स्थापन झाली. पहिलीं पंचवीस-तीस वर्षें तिचे सभासद लोकांनीं निवडलेले नव्हते. सरकार त्यांस नेमीत असे. शहराचा भाजीबाजार तेव्हां शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेंत भरत असे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, १८२८ सालच्या आगींत वाड्याचा अंतर्भाग भस्म झाला, आणि ज्या दरवाज्यापुढें एके काळीं सरदार-मानकरी मुजऱ्यासाठीं ताटकळत, त्याच्या पुढ्यांत माळव्याच्या पाट्या येऊन बसल्या. जागा ऐतिहासिक होती, पण सोयीची नव्हती. उन्हाळ्यांत धूळ, पावसाळ्यांत चिखल, आणि डोक्यावर छप्पर नाहीं. तेव्हां शहरास बांधलेल्या बाजाराची गरज होती हें कोणीही नाकारणार नाहीं, आणि आम्हीही नाकारीत नाहीं.

पण गरज एक आणि तिची किंमत दुसरी. म्युनिसिपालिटीच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात हा होता. ही जकात वेशीवर वसूल होई, आणि जो माल घेऊन वेशींतून येई त्याच्या खांद्यावर तिचा पहिला भार पडे. म्हणजे मंडईचा दगड ज्या पैशानें घडवावयाचा, त्यांतला कांहीं पैसा मंडईंत बसणाऱ्यांच्या आणि तिला माल पुरविणाऱ्यांच्याच गांठीचा होता. हें ज्यांस घरच्या अनुभवानें ठाऊक होतें असा एक गृहस्थ त्या सभेंत बसत असे.

जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांचें घर गंज पेठेंत, आजच्या मंडईपासून थोड्याच अंतरावर. जात माळ्याची, पूर्वजांनीं पेशव्यांस फुलें पुरविलीं म्हणून आडनांव फुले पडलें. तेव्हां भाजी व फूल पिकविणें आणि विकणें म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर ते बांधकामाच्या धंद्यांत मुरलेले होते. पुणें कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी या त्यांच्या मंडळीनें सरकारी बांधकामांचे मक्ते घेतले होते. दगड, चुना आणि मजुरी यांचे भाव त्या सभेंतल्या बहुतेक सभासदांपेक्षां त्यांस अधिक माहीत असले पाहिजेत. अशा माणसानें भाजीबाजाराच्या भव्य इमारतीस विरोध करावा, ही गोष्ट अडाणीपणाची किंवा हेकेखोरपणाची म्हणून उडवून लावतां येत नाहीं. पिकविणारा, विकणारा आणि बांधणारा या तिघांचेंही ज्ञान ज्याच्या ठायीं एकवटलें होतें, त्याचा तो विरोध होता.

विरोधाचा रोख असा होता कीं, बाजाराच्या इमारतीवर एवढी रक्कम ओतण्यापेक्षां ती गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावी. हा त्यांचा एका दिवसाचा उमाळा नव्हता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं म्युनिसिपालिटीनें एक हजार रुपये खर्चावे अशी सूचना आली, तेव्हांही त्यांनीं हेंच म्हटलें होतें, आणि तेव्हां तर सभेंत ते एकटेच पडले होते. १८८२ च्या १९ ऑक्टोबरास त्यांनीं हंटर शिक्षण कमिशनापुढें जें निवेदन ठेवलें, त्याखालीं आपला निर्देश त्यांनीं व्यापारी, शेतकरी आणि जुना गंज पेठेचे म्युनिसिपल कमिशनर असा केला आहे. त्या निवेदनांत त्यांनीं दोन मागण्या केल्या, त्या मंडईच्या संदर्भांत फार बोलक्या आहेत. एक, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें. दुसरी, मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांनीं आपल्या हद्दींतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च आपल्या अंगावर घ्यावा. म्हणजे म्युनिसिपालिटीनें पैसे खर्चूं नयेत असें त्यांचें म्हणणें कधींच नव्हतें. खर्चाचा क्रम कोणता, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्यानंतरच्याच वर्षीं, १८८३ सालीं, त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला. त्या ग्रंथांत, गाडीभर माळवें शहरांत विकण्यास आणणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी आहे. जकात आणि कर भरतां भरतां त्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं, प्रसंगीं गाडीभाडेंही पदरचें भरून त्यास रिकाम्या हातानें मुलाबाळांकडे परतावें लागतें. हा मजकूर लिहिला गेला तेव्हां मंडईची योजना शहरांत ताजी होती. ग्रंथ व इमारत समोरासमोर ठेवून पाहिलीं म्हणजे एकाच बाजाराचीं तीं दोन वर्णनें आहेत असें दिसतें. एक दगडांत लिहिलेलें, मनोऱ्याच्या टोंकावरून पाहिलेलें. दुसरें शाईंत लिहिलेलें, गाडीच्या जुवावरून पाहिलेलें.

या वादावर सामान्यतः दोन प्रकारचे अभिप्राय ऐकूं येतात. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, फुले थोर खरे, पण या एका बाबतींत त्यांची दृष्टि आखूड पडली. मंडई पुढें किती उपयोगी ठरली पाहा! दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मंडई हें परक्या सत्तेच्या डामडौलाचें चिन्ह असून ज्यांनीं ती बांधण्यास मत दिलें ते सर्व गरिबांचे वैरी होते. आम्हांस हे दोन्ही अभिप्राय अपुरे वाटतात.

पहिल्या पक्षाची चूक अशी कीं, तो निष्पन्नावरून विरोधाचें मूल्य ठरवितो. मंडई १४० वर्षें उपयोगी पडली हें सत्य आहे. परंतु त्याच १४० वर्षांत, त्या पैशानें ज्या शाळा निघाल्या असत्या त्यांत शिकून कोण काय झालें असतें, याचा हिशेब कोणाजवळही नाहीं, आणि असूं शकत नाहीं. बांधलेली इमारत नेहमींच न बांधलेल्या शाळेवर मात करते. कारण इमारत दिसते आणि न निघालेली शाळा दिसत नाहीं. दिसणाऱ्याच्या बाजूनें निकाल देणें सोपें असतें; म्हणून तो न्याय होतो असें नाहीं.

दुसऱ्या पक्षाची चूक याच्या उलट आहे. तो मंडईला केवळ मनोरा समजतो व सोपे विसरतो. ज्या बायाबापड्यांनीं पिढ्यान् पिढ्या त्या छपराखालीं बसून घरें चालविलीं, त्यांस तुमचें पोट एका डामडौलाच्या इमारतींत भरलें असें सांगणें हा उद्धटपणा आहे. लॉर्ड रे यांच्याविषयींही असाच न्याय करावा लागेल. त्यांचें नांव मिरविणारा बाजार शाळेच्या आधीं उभा राहिला म्हणून ते शिक्षणाविषयीं उदासीन होते असें ठरत नाहीं. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट त्यांच्याच कारकीर्दींत, १८८७ सालीं, निघाली.

आमचा अभिप्राय असा आहे: सोप्यांच्या बाबतींत म्युनिसिपालिटी बरोबर होती, आणि क्रमाच्या बाबतींत जोतीराव बरोबर होते. शहरास छप्पर हवें होतें. पण छपराच्या जोडीला शिखर घेण्याइतकी सवड ज्या तिजोरीस होती, तिनें शाळेसाठीं पैसा नाहीं असें म्हणण्याचा हक्क गमावला होता. मंडईचें परीक्षण करणाऱ्यानें तिच्या दगडावर केलेली नक्षी पाहावी, तशी ही गोष्टही पाहावी.

हा निर्णय आम्ही आज घरीं बसून देत आहों असें कोणी म्हणूं नये. पुढच्या इतिहासानें तो देऊन ठेवला आहे. जो प्रश्न जोतीरावांनीं मंडईच्या निमित्तानें उपस्थित केला, तो मंडई बांधून झाल्यावर मिटला नाहीं. तो पुनःपुन्हां त्याच म्युनिसिपालिटीच्या दारीं येत राहिला. १९०२ पासून १९०६ पर्यंत गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष होते. याच गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचें बिल आणलें, आणि १९१२ सालीं तें फेंटाळलें गेलें. हंटर कमिशनापुढील निवेदनानंतर तीस वर्षें लोटलीं होतीं. पुढें १९१८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें म्युनिसिपालिट्यांस आपल्या हद्दींत सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. तेव्हां पुण्यांत, १९२० सालीं, मोठा वाद माजला तो सक्ती मुलांपुरती ठेवावी कीं मुलींसही लागू करावी यावर. पैसा पुरणार नाहीं, सबब मुलींनीं थांबावें, असें म्हणणारा पक्ष बलवान् होता. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे सुधारक मुलींच्या बाजूनें उभे राहिले, आणि स्त्रियांनीं स्वतः रस्त्यावर येऊन मिरवणूक काढली. ज्या शहरांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मुलींची शाळा काढली, त्याच शहरांत बहात्तर वर्षांनंतर मुलींच्या शाळेसाठीं तिजोरींत पैसा नाहीं असें सांगण्यांत येत होतें. ३ लाखांचा मनोरा मात्र तेव्हां चौतीस वर्षांचा होऊन दिमाखानें उभा होता.

आतां नांवाकडे वळूं. १९२४ सालीं मंडईच्या आवारांत लोकमान्य टिळक यांचा पुतळा उभारला गेला. पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. पुढच्याच वर्षीं, १९२५ सालीं, केशवराव जेधे यांनीं जोतीराव फुले यांचाही पुतळा म्युनिसिपालिटीनें उभारावा असा ठराव आणला. तो नामंजूर झाला. त्या वादाच्या वणव्यांतूनच दिनकरराव जवळकर यांचें 'देशाचे दुश्मन' हें पुस्तक बाहेर पडलें, त्यावर खटला झाला, आणि अपिलांत आरोपींच्या बाजूनें डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्या पुस्तकाच्या भाषेचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ज्या सभागृहानें जोतीरावांचें म्हणणें एकदां ते हयात असतांना नाकारलें, त्यानेंच पुढें त्यांचा पुतळाही नाकारला, ही गोष्ट ध्यानांत घेतल्याशिवाय त्या भाषेचा कडवटपणा समजणार नाहीं.

त्यानंतर, १९३८ च्या सुमारास, प्रल्हाद केशव अत्रे म्युनिसिपालिटींत असतांना त्यांच्या पुढाकारानें रे मार्केटाचें नांव बदलून महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. अत्र्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. फुल्यांविषयीं त्यांचा आदर खरा होता. १९५४ सालीं त्यांनीं 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला, तो त्या आदराची साक्ष देतो. ज्यास पुतळा नाकारला गेला त्याचें नांव शहराच्या सर्वांत गजबजलेल्या इमारतीस देणें हा त्या काळीं धीटपणाच होता. माळ्याच्या मुलाचें नांव माळव्याच्या बाजारास, हें औचित्यही उघड आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासही पुढें तेंच नांव मिळालें.

पण मुंबईचें नामकरण आणि पुण्याचें नामकरण यांत एक भेद आहे, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मुंबईंत तो केवळ गौरव आहे. पुण्यांत तो गौरवही आहे व पराजितास विजेत्याच्या घरीं नेऊन बसविणेंही आहे. ज्यानें शाळा मागितली त्याला आपण त्याच बाजाराची पाटी दिली, जो शाळेच्या जागीं उभा राहिला होता. नांव बदलल्यामुळें एक अन्याय दूर झाला यांत संशय नाहीं. पण त्याबरोबर एक वादही दृष्टीआड झाला. रे मार्केट हें नांव ऐकून निदान कोणी विचारील कीं हे रे कोण, आणि त्यांच्या नांवें एवढी इमारत कां? महात्मा फुले मंडई हें नांव ऐकणारा कांहींच विचारीत नाहीं. त्यास वाटतें, ही मंडई फुल्यांनींच काढली असेल, किंवा निदान त्यांस ती आवडत असेल. आदराच्या पाटीखालीं विरोध झांकला जातो, तो असा.

पुणेकरांच्या विनोदबुद्धीनें या प्रकारावर नकळत भाष्य करून ठेवलें आहे. मंडईच्या गाळ्यांवरची रोखठोक भाषा, तिथला हजरजबाबीपणा आणि राजकारणाची चर्चा यांवरून शहरांत 'मंडई विद्यापीठ' असा शब्द रूढ झाला. शब्द गोड आहे, आणि मंडईच्या माणसांस तो शोभतोही. परंतु ज्यानें बाराव्या वर्षापर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, त्याच्या नांवाच्या इमारतीस शहरानें थट्टेनें विद्यापीठ म्हणावें, यांतला टोला ज्यास जाणवत नसेल त्यानें हंटर कमिशनापुढचें निवेदन पुन्हां एकदां वाचावें.

आणखी एका जागेचा उल्लेख केल्याशिवाय हें परीक्षण पुरें होणार नाहीं. मंडईपासून पायीं थोड्या मिनिटांच्या वाटेवर, बुधवार पेठेंत, भिडे वाडा होता. १८४८ सालची मुलींची शाळा तेथेंच भरली. या वाड्यास मनोरा नव्हता, गॉथिक कमानी नव्हत्या. शाळा गेल्यानंतर तो इतर वाड्यांसारखा एक वाडा राहिला, जीर्ण होत गेला, कोर्टकचेऱ्यांत अडकला, आणि अखेर डिसेंबर १९२३ नव्हे, तर त्याच्याही शंभर वर्षांनंतर, डिसेंबर २०२३ मध्यें, राष्ट्रीय स्मारकासाठीं जागा मोकळी करण्याकरितां पाडण्यांत आला. ज्या इमारतीस जोतीरावांनीं विरोध केला ती आज भक्कम उभी असून त्यांचें नांव धारण करते. ज्या घरांत त्यांनीं आपलें खरें काम सुरू केलें त्या घराची एक भिंतही उरली नाहीं. हें कोणा एकाचें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दगडी मंडई सांभाळण्यास सरकारी तिजोरी होती, लाकडी वाड्यास ती नव्हती. परंतु शहराची आठवण कशी काम करते हें यांवरून कळतें. तिला नांव लक्षांत राहतें. काम लक्षांत ठेवण्यासाठीं तिला पुन्हां पुन्हां आठवण द्यावी लागते.

आजची मंडई पूर्वीची राहिलेली नाहीं. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डास गेला, म्युनिसिपालिटीची १९५० सालीं महानगरपालिका झाली व तिचा कारभार अन्यत्र गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें मंडई नांवाचें मेट्रोचें स्टेशन तेथेंच जमिनीखालीं सुरू झालें. त्या स्टेशनांतून वर येणारा प्रवासी मनोऱ्याकडे पाहतो व भ्रमणध्वनीवर त्याचें चित्र टिपतो. त्यानें तें टिपूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मनोरा सुंदर आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या चित्राखालीं लिहावयाचें नांव एका माणसाच्या मताचें चिन्ह आहे, आणि तें मत त्या मनोऱ्याविरुद्ध होतें.

तात्पर्य, मंडई हा वाईट ग्रंथ नव्हे. तिचे सोपे उत्तम आहेत, मनोरा अनावश्यक पण देखणा आहे, आणि तिचा उपयोग वादातीत आहे. तिच्यांत उणीव आहे ती प्रस्तावनेची. ती प्रस्तावना तिच्या आवारांत, मोठ्या अक्षरांत, येणाऱ्या-जाणाऱ्यास वाचतां येईल अशी लावावी. हिला ज्यांनीं मत दिलें त्यांनीं अमुक गरज ओळखली. हिला ज्यानें विरोध केला त्यानें अमुक मागणी केली. ती मागणी इतकीं वर्षें अपुरी राहिली. आणि आम्ही हिला विरोधकाचें नांव दिलें आहे. एवढा मजकूर पुरे आहे. त्यानें लॉर्ड रे यांचा अपमान होणार नाहीं, कानिटकरांच्या कारागिरीस कमीपणा येणार नाहीं, आणि महात्म्याचा मान कमी न होतां वाढेल.

कारण असे मनोरे आजही प्रत्येक शहरांत बांधले जात आहेत, आणि प्रत्येक सभेंत एकादा सभासद उठून, आमच्या वॉर्डांतल्या शाळेचें छप्पर गळतें, असें म्हणत असतो. त्याचें नांव कोणी टिपून ठेवीत नाहीं. निदान त्याचें बोलणें टिपून ठेवावें, अशी पुण्याच्या मंडईची आठवण देऊन आम्ही विनंति करतों.